फ्लेक्सवरची चार पोरं

मे महिन्यात लोक पोरी बघायला बाहेर पडतात, आम्ही मास्तर लोक पोरं बघायला. डोक्यावर ऊन, हातात पत्रकं, पुढं हेडमास्तर आकाराम सर आणि मागं मी. दार वाजवायचं, हसायचं आणि घरात सहा वर्षांचं कोण आहे का म्हणून विचारायचं. समोरची बाई आधी आमच्याकडं बघते, मग पत्रकाकडं आणि मग आत तोंड करून ओरडते, "अगं ए, महापालिकेच्या साळंतलं मास्तर आल्यात, पाणी आण." पाणी सगळीकडं मिळतं. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत पाण्याला आणि चहाला कुणी नाही म्हणत नाही. पोराला म्हणतात.

माझं नाव संयोगिता. या शाळेत माझं तप होत आलं होतं, आणि माझी जीभ तिखट आहे असं सगळे म्हणतात. असू दे. गोड बोलून पोरं मिळत असती तर मी साखर खाऊन घराबाहेर पडले असते.

शाळा तालमीच्या मागच्या बोळात. पहिली ते सातवी, आणि शिक्षक आम्ही चौघं. आकाराम सर स्वतः याच शाळेत शिकले. त्यांच्या वेळी एकेका वर्गाच्या दोन तुकड्या असायच्या आणि पैलवानाचा, सराफाचा, वकिलाचा पोरगा एकाच बस्करावर बसायचा. सरांचे तेच वर्गमित्र आता सकाळी दारात उभे राहून नातवाला पिवळ्या बसमध्ये चढवतात आणि सरांना बघून हात करतात, "काय आक्या, साळा बरी चालल्या न्हवं?"

मग आमच्याकडं कोण येतं? पेठेच्या मागच्या अंगाला बौद्ध वस्ती आहे, तिथली मुलं. विजापूरकडनं बांधकामावर आलेल्या गवंड्यांची मुलं, घरात कन्नड बोलणारी. अपार्टमेंटच्या नेपाळी वॉचमनची दोन. आणि पेठेतली म्हणाल तर दुसरीकडं कुठं खपली नाहीत अशी तीन-चार. सरांचा नातू यशराजसुद्धा पिवळ्या बसनं जायचा, हायवेकडच्या एका मोठ्या इंग्रजी शाळेत. तिचं नाव मी घेणार नाही, फुकटची जाहिरात कशाला? सर यावरून मुलाशी भांडले होते, पण सुनेपुढं आणि काळापुढं कुणाचं चाललंय? हे पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं आणि सरांच्या तोंडावर कुणी काढत नव्हतं. आमच्याकडची माणसं फटकळ खरी, पण म्हाताऱ्या मास्तराला तेवढी सूट देतात.

सरांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. त्यांना एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे आपण शिकलो ती शाळा आपल्यादेखत बंद पडू नये. वरच्या साहेबांनी मीटिंगमध्ये सांगूनच ठेवलं होतं, पट आणखी खाली आला तर शाळा बंद करून मुलं दुसरीकडं पाठवू. पट म्हणजे हजेरीवरच्या मुलांचा आकडा. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असतो, तसा शाळेचा जीव पटात असतो.

त्या मे महिन्यात आम्ही शेवटी तालमीत गेलो. तालमीचा अध्यक्ष उदयसिंह चाळिशीतला, अंगानं दांडगा, बोलायला दिलदार. त्यानं सरांना खुर्ची दिली आणि स्वतः पायरीवर बसला.

"सर, तुमचं सगळं खरं हाय," तो म्हणाला. "पर लोकं निकाल बघत्यात. स्कॉलरशिपच्या यादीत चार पोरं आणा. पेठेतली पोरं मी सोता आणून तुमच्या वर्गात बसवतो. उदयसिंहाचा शब्द हाय."

बोळातून परतताना सर तरण्या पोरासारखे चालत होते. मी म्हटलं, "सर, तालमीतला शब्द आणि श्रावणातलं ऊन, दोन्हींवर वाळवण घालू नये." सर म्हणाले, "बाई, तुम्ही जरा गप बसाल?" मी गप बसले. मलाही तो शब्द खरा व्हायला हवा होता.

आमच्या जिल्ह्याला स्कॉलरशिपचं वेड आहे. गगनबावड्याच्या बाजूला पावसात रस्ते बंद होतात, पण स्कॉलरशिपचा जादा तास बंद होत नाही. ज्या शाळेची पोरं यादीत येतात तिच्या दारात जूनमध्ये रांग लागते आणि त्या मास्तराला गावात नवरदेवासारखा मान मिळतो. सरांनी मनावर घेतलं आणि पाचवीच्या वर्गातून मुलं निवडायला बसले. तिथं कळलं आपण किती पाण्यात आहोत ते. अर्ध्या वर्गाला हातच्याची वजाबाकी येत नव्हती. एकाला स्वतःचं आडनाव लिहिता येत नव्हतं, आणि वर पाठवलेल्या माहितीत तो 'प्रगत' होता. तो प्रगत कसा झाला हे मला विचारू नका. त्याला अप्रगत लिहिलं असतं तर साहेबांनी आम्हांलाच अप्रगत ठरवलं असतं.

तरी चौघं निघाली. वस्तीतली दीक्षा आणि सम्राट, गवंड्याची रेणुका आणि वॉचमनचा बिशाल. रेणुका मनात कन्नडमध्ये आकडे मोजायची आणि उत्तर मराठीत सांगायची. बिशालला चित्रातल्या आकृत्या नुसत्या बघून कळायच्या. सम्राट हट्टी, गणित सुटल्याशिवाय लघवीलाही उठायचा नाही. आणि दीक्षा कांबळे म्हणजे तोंडाचा पट्टा. प्रश्न तिच्या पोटात राहायचाच नाही. "बाई, घड्याळाचे काटे एकाच बाजूला का फिरत्यात?" "बाई, साहेब आल्यावरच तुम्ही का फळा पुसता?" एकदा तिनं विचारलं, "बाई, नापास झालं म्हणजे कोण झालं, पोरगं का मास्तर?" मी तिला ओरडले आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगून हसले. तिचा बाप प्रसेनजीत रिक्षा चालवायचा. शाळेसमोरून जाताना तो हॉर्न वाजवायचा आणि ही वर्गातून हात करायची.

वर्षभर सर शाळा भरायच्या आधी त्या चौघांना घेऊन बसायचे, आणि शाळा भरल्यावरही आम्ही शिक्षक आळीपाळीनं त्यांच्याच मागं असायचो. सरांच्या घरून डब्यात पोहे यायचे. दिवाळीच्या सुट्टीतही शाळेचं दार उघडं होतं. रेणुकाची आई तिला धाकट्या भावाला सांभाळायला घरी ठेवायला लागली, तर सर बांधकामावर गेले आणि भावासकट तिला घेऊन आले. मग भाऊ माझ्या मांडीवर आणि बहीण कोन मोजायला, असं आमचं चाललं.

बाकीच्या वर्गांना त्या वर्षी कुणी शिकवलं? खरं सांगू, कुणीच नाही. फळ्यावर दहा वाक्यं लिहायची आणि उतरून घ्या म्हणायचं. तिसरीतला भाऊसो अक्षरं सुंदर काढायचा, पण काय काढलंय ते त्याला वाचता यायचं नाही. मी सरांना म्हटलं, हे पोरगं असंच चौथीत जाईल. सर म्हणाले, "बाई, आधी साळा ऱ्हाऊ दे, मग भाऊसो." ते मला पटलं. बुडत्या घरात माणूस आधी भिंत धरतो.

परीक्षा झाली, पोरं सहावीत गेली आणि जुलैत गुणवत्ता यादी लागली. चारही पोरं यादीत होती आणि दीक्षा चौघांत पहिली. सर मोबाईल हातात घेऊन खुर्चीत बसले आणि पोरांसमोर ढसाढसा रडले. मी पाणी आणायला म्हणून बाहेर गेले, कारण माझंही काही बरं चाललं नव्हतं.

कोल्हापुरात आनंद मनात ठेवायची पद्धत नाही. इथं पोरगं दहावी पास झालं तरी फ्लेक्स, दादाचा वाढदिवस असला तरी फ्लेक्स, म्हशीचा नंबर आला तरी म्हशीचा फ्लेक्स. दुसऱ्या दिवशी तालमीनं चौकात दोन मजली फ्लेक्स उभा केला. वर काळा गॉगल लावलेला उदयसिंह, त्याच्या दोन्ही बाजूंना तालमीच्या मंडळाचे कार्यकर्ते, आणि खाली चार गोलांत चार पोरं. फोटो मीच निवडून दिले होते. पोरांची नुसती नावं घालणार होते, पण सरांनी छापणाऱ्याला अडवलं. म्हणाले, "पोरांच्या खाली बापाचं नाव घाला आणि कुठं राहत्यात तेबी घाला. या घरांची नावं आजवर कुठल्या चौकात लागली न्हाईत. एकदा लागू देत." तसं छापलं. दीक्षा प्रसेनजीत कांबळे, आणि खाली वस्तीतल्या गल्लीचं नाव. रेणुकाच्या खाली लिहिलं, 'नवीन अपार्टमेंटमागील शेड'.

संध्याकाळी उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली. पुढं हलगी, वर गुलाल, चौघांच्या डोक्यावर फेटे. दीक्षाचा फेटा सारखा डोळ्यांवर यायचा आणि ती तो वर सरकवून परत हात हलवायची. गॅलऱ्यांतून बायका बघत होत्या. चौकात उदयसिंहानं माईक घेतला, "ही आमच्या पेठेची पोरं हाईत! नाद करायचा न्हाय!" काल-परवापर्यंत ती 'वस्तीतली' होती, हे माझ्या जिभेवर आलं होतं, पण मी गिळलं आणि सगळ्यांच्या वर टाळ्या वाजवल्या. प्रसेनजीत गर्दीत कडेला उभा होता, खाकी शर्टावर गुलाल घेऊन, आणि कुणी ओळखीचं दिसलं की फ्लेक्सवरच्या स्वतःच्या नावाकडं बोट दाखवत होता.

मिरवणूक पांगल्यावरही सर फ्लेक्सखालून हलेनात. म्हणाले, "बाई, पुढच्या जूनला पहिलीच्या दोन तुकड्या कराव्या लागतील बघा." मीसुद्धा मनातल्या मनात कोपऱ्यातली सामानाची खोली रिकामी करून तिथं एक वर्ग बसवून टाकला.

आठवडाभरातच वस्तीत पांढरी गाडी आली. गाडीतून टायवाला माणूस उतरला. त्याच्या मोबाईलमध्ये आमच्या फ्लेक्सचा फोटो होता. पोरांची नावं, बापांची नावं, गल्ली, सगळं त्यावर होतंच. त्याला कुणाला पत्ता विचारावा लागला नाही. फ्लेक्सवर पोरं ज्या क्रमानं होती त्याच क्रमानं तो घरं फिरला. हायवेकडच्या त्या इंग्रजी शाळेचा माणूस. म्हणाला, पोरांचं फीपासून सगळं आम्ही बघतो. बस दारात येईल. धाकटी भावंडं असतील तर त्यांनाही घेऊ.

दीक्षाच्या बापाला शाळेत यायला दोन दिवस लागले. हॉर्न न वाजवता रिक्षा बोळाच्या तोंडाशी लावून तो चालत आला.

"जयभीम सर. जयभीम बाई." तो बाकाच्या टोकावर टेकला आणि गुडघ्यावर हात चोळायला लागला. मग म्हणाला, "सर, दीक्षाचा दाखला पायजे व्हता."

सर त्याच्या शेजारी जाऊन बसले. "प्रसेनजीत, सातवीपतोर तरी ऱ्हाऊ दे की तिला. एकदम इंग्लिश झेपायचं न्हाय रे. आणि ती गेली की तिच्या मागनं सगळी जात्यात. साळा ऱ्हायची न्हाय."

"सर, तुमचं उपकार मी कधी विसरणार न्हाय. पर मी सातवीत साळा सोडली आणि हँडल धरलं. पोरीच्या दारात बस आल्या. मी परत लावली तर ती मोठी झाल्यावर मला काय म्हणंल?"

मला राहवलं नाही. "अरे, वर्षभर ज्यांनी तिला घडवली ती शाळा टाकून द्यायची आणि ज्यांनी नुसता फ्लेक्सचा फोटो काढला ती धरायची? हा कुठला न्याय?"

"टाकून कुठं द्यालोय बाई?" तो कळवळून म्हणाला. मग सरांकडं वळला. "सर, एक विचारू? तुमचा यशराज तिथंच हाय न्हवं?"

टोमणा असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. पण तो टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता. पोरीला कुठं घालतोय याची खात्री करून घ्यायला त्याच्याकडं दुसरं कोण होतं? त्याच्या ओळखीत शिकलेला माणूस एकच.

"व्हय," सर म्हणाले.

"मग चांगलीच असंल की," प्रसेनजीत म्हणाला, आणि त्याचा चेहरा मोकळा झाला.

सरांनी स्वतः दाखला लिहिला. अक्षर नेहमीसारखंच सुंदर होतं. दीक्षा दाराशी उभी होती. एरवी दहा प्रश्न विचारणारी पोरगी त्या दिवशी म्हणाली, "सर, मी शनिवारी येत जाऊ का?" सर म्हणाले, "ये की. साळा तुजीच हाय." ती एकदोन शनिवार आली. मग त्यांच्या शाळेत शनिवारी जादा क्लास सुरू झाले.

दीक्षानंतर सम्राट गेला, बिशाल गेला, आणि शेवटी रेणुकाही. धाकटी भावंडं त्यांच्या मागून गेली. मग वस्तीत वारं फिरलं. कांबळ्याची पोरगी टाय लावून जाते तर आमची का नाही? ज्यांना त्या मोठ्या शाळेनं घेतलं नाही, त्यांनी गल्लीबोळातल्या, एका हॉलमध्ये भरणाऱ्या इंग्रजी शाळा गाठल्या. मी घरोघरी फिरले, भांडले, हात जोडले. एक बाई मला म्हणाली, "बाई, तुमच्याकडं ऱ्हायलं ते माघारी ऱ्हायलं, असं लोकं म्हणत्यात." वर्षभर आम्हीच चौघांना पुढं बसवून बाकीच्यांना माघारी ठेवलं होतं.

भाऊसोला न्यायला मात्र कुठली गाडी आली नाही. तो आणि त्याच्यासारखी राहिलेली मुलं रोज वेळेवर येत होती.

सर आणि मी परत तालमीत गेलो. उदयसिंहानं या वेळीही खुर्ची दिली, पण तो पायरीवर बसला नाही, उभाच राहिला.

"सर, मी शबुद फिरवणारा माणूस न्हवं," तो म्हणाला. "घरोघरी जाऊन आलोय. बायका म्हणत्यात, हुशार पोरं व्हती तीच गेली, आता तिथं ऱ्हायलंय काय?" मग त्यानं इकडंतिकडं बघून आवाज खाली घेतला. "आणि खरं सांगू? आपल्या पोराच्या शेजारी कोण बसतंय तेबी बघत्यात. मी न्हाय बघत. पर लोकं बघत्यात."

"जीपमध्ये बसवताना नाही बघितलं कुणी?" मी म्हटलं.

"बाई," तो शांतपणे म्हणाला, "जीप एका दिवसाची असती."

मला त्याची इतकी चीड आली की चप्पल घालताना पट्टा सापडेना. चीड यासाठी की तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणाऱ्याशी मला भांडता येतं.

गणपतीच्या आधी चौकातला फ्लेक्स उतरला आणि तिथं मंडळाच्या अकरा दिवसांच्या कार्यक्रमांचा लागला. उतरलेला फ्लेक्स रेणुकाच्या आईनं मागून नेला आणि शेडवर घातला. पावसाला बरा पडतो, म्हणाली.

सप्टेंबरअखेर पट मोजला जातो. आमचा आकडा बघून कुणाला आश्चर्य वाटलं नाही. सर वरच्या ऑफिसात गेले, मीही बरोबर गेले. साहेब भला माणूस होता. त्यानं चहा मागवला, यादीतल्या चार पोरांबद्दल सरांचं अभिनंदन केलं आणि मग म्हणाला, "सर, ती चौघं आज तुमच्या पटावर नाहीत ना? मग मी काय दाखवू?" सर म्हणाले, "साहेब, पोरं आम्ही घडवली." साहेब म्हणाला, "मला माहीत आहे." त्या वर्षाअखेर शाळा बंद करायची ठरली. पहिली ते पाचवीची मुलं मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत जायची, पण ती शाळा पाचवीपर्यंतच. सहावी-सातवीच्यांनी आपापलं हायस्कूल बघायचं.

सरांनी ते उरलेले महिने काय केलं? शिकवलं. भाऊसोला घेऊन बसले. आता निकाल नको होता, यादी नको होती, तेव्हा सरांना वेळच वेळ होता. एप्रिलपर्यंत भाऊसो जोडाक्षराशिवायचं वाचायला लागला. एका दिवशी त्यानं पाटीवरचं शाळेचं नाव वाचून दाखवलं आणि सरांनी त्याला खडीसाखर दिली. जोडाक्षरांपर्यंत पोचायच्या आत वर्ष संपलं.

शेवटच्या दिवशी पोरं लवकर सोडली. बाकं न्यायला टेंपो आला होता. रस्त्यापलीकडच्या शाळेला आमची पोरं किती मिळतील ते माहीत नव्हतं, बाकं मात्र सगळी हवी होती. हमाल बाकं उचलत होते, सर दाराशी उभे राहून जपून रे, जपून रे म्हणत होते. तेवढ्यात बोळातून प्रसेनजीत आला. त्याच्या मागं दीक्षा होती. उंच झाली होती आणि वाळली होती. ती येऊन समोरच्या एका बाकावर बसली. माझ्याकडं बघून हसली नाही.

"जयभीम सर," प्रसेनजीत म्हणाला. "सर, हिला परत घ्या."

मीच विचारलं, काय झालं.

"काय सांगू बाई. इंग्लिशमधी काय म्हणत्यात ते कळंनाच झालंय तिला. पयल्या चाचणीला नापास, मग फुडच्यालाबी. त्यांच्या जाहिरातीत हिचा फोटो पयला आणि वर्गात बाक शेवटचा. सम्राटचंबी तसंच हाय, त्याचा बाप लाजंनं आला न्हाय. नापास झाली त्याचं मला काय न्हाय. पर पोरगी बोलायची बंद झाल्या, बाई. घरातबी. आईनं इचारलं तर मान हलवती. आठ-आठ दिस तोंडातनं शबुद न्हाय." त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "मी चुकलो सर. मला दोन थोबाडीत मारा, पर हिला तुमच्याकडंच घ्या. हितं ती बोलत व्हती."

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "प्रसेनजीत, साळा बंद झाली रे."

"ते सुट्टी लागली म्हणून न्हवं?"

"न्हाय. कायमची."

प्रसेनजीतनं टेंपोकडं बघितलं, बाकांकडं बघितलं. रिक्षावाला माणूस, सगळ्या कोल्हापूरची खबर ठेवणारा, पण या बोळात तो दाखला नेल्यापासून फिरकलाच नव्हता. "कशानं?" त्यानं विचारलं.

"पट कमी पडला," सर म्हणाले. "तिला हायस्कुलात घालू. मी येतो तुझ्यासंगं, हेडमास्तर माझ्या वळखीचं हाईत."

तो मान डोलवत राहिला. पट म्हणजे काय आणि तो कसा पडतो, हे त्याला कळलं नव्हतं आणि कळून घ्यायचीही त्याला उसंत नव्हती. तो हायस्कूल कुठलं, लांब पडेल का, असं विचारायला लागला.

"सर," दीक्षा म्हणाली.

प्रसेनजीतचा चेहरा असा झाला की जणू घरात बऱ्याच दिवसांनी दिवे आले.

"सर, आम्ही गेलो म्हणून?"

नऊ महिने मी या प्रश्नाचं उत्तर तयार करत होते. भाकरी थापताना, बसमध्ये, आंघोळ करताना. कुणीतरी विचारावं आणि मी फाडफाड सांगावं, उदयसिंहाला, टायवाल्याला, प्रसेनजीतला, साहेबाला, एकेकाला उभा करून. आणि विचारलं कुणी, तर या पोरीनं. सर उगाचच पाठ फिरवून टेंपोकडं बघायला लागले.

"नाही गं," मी म्हटलं. "ऑफिसनं ठरवलं. तुझा काय संबंध?"

तिनं माझ्याकडं बघितलं, मग सरांच्या पाठीकडं. शेकडो शाळांतल्या पोरांमधून वर आलेली पोरगी ती. दोन वाक्यांतून तिसरं काढायला आम्हीच तिला वर्षभर शिकवलं होतं.

"बरं," ती म्हणाली.

"ए पोरी, ऊठ की," हमाल ओरडला, "त्यो बाक न्यायचा हाय."

दीक्षा उठली. हमाल यायच्या आतच तिनं वाकून बाकाचं एक टोक उचललं. ते तिला जड जात होतं. सर धावत आले आणि त्यांनी दुसरं टोक धरलं, आणि दोघं तो बाक टेंपोपर्यंत घेऊन गेली.